होसदुर्ग रोडचा सांधा

मिरजेकडे जाणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस गाठायला बंगळूरच्या चामराजपेटेतून रात्री निघालेला माणूस रिक्षाने थोड्याच वेळात स्टेशनावर पोचतो. गाडी सुटते, पण पहिली काही मिनिटे वेग घेत नाही. नुसती खडखडत, एकदा या कुशीवर एकदा त्या कुशीवर कलत सरकत राहते. वरच्या बर्थवर चादर घालणारा दांडी घट्ट धरतो. ते हिसके सांध्यांचे. दहा फलाटांचे रूळ एकमेकांत मिळत मिळत मुख्य मार्गाला लागेपर्यंत गाडी किती सांधे ओलांडते हे कुणी मोजत नाही. प्रवाशाला सांधा आठवतो तो ध्वनिक्षेपकावर ‘तांत्रिक बिघाड’ ऐकू आला तरच.

स्टेशनवरची माणसे त्याला पॉइंट म्हणतात. मराठीने मात्र सांधा म्हटले आणि तो बदलणाऱ्याला सांधेवाला. गुडघ्या-कोपराचा शब्द लोखंडाला लावणाऱ्या त्या अनाम माणसाला दाद द्यावी लागेल, कारण रुळांचा देह दुखतो तो इथेच. सरळ रूळ वर्षानुवर्षे निमूट पडून असतो. सांध्याला हलावे लागते, हलून घट्ट बसावे लागते आणि बसल्यावर आपण नेमके कुठे आहोत हे खरे सांगावे लागते. पहिली दोन कामे लोखंडाची आहेत आणि ती गेल्या दीडशे वर्षांत पुष्कळ सुधारली. तिसरे काम अजून अडखळते. त्याविषयी हे लिहिणे आहे.

सांध्याची रचना साधी आहे. दोन निमुळते रूळ, ज्यांना टंग रेल म्हणजे जिभा म्हणतात, आडव्या दांड्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. दोघी एकदम सरकतात. एक शेजारच्या स्थिर रुळाला चिकटली की दुसरी सुटते. गाडी सरळ जाणार की वळणार, हे एवढ्यावर ठरते. थोडे पुढे, जिथे दोन मार्गांचे रूळ एकमेकांना छेदतात, तिथे क्रॉसिंग असते आणि त्याच्या नाकाशी रुळात चक्क फट असते. वीस टनांच्या आसपासचा भार घेऊन येणारा आस दर खेपेला ती फट ओलांडून नाकावर आदळतो. हा मार सोसायला साधे पोलाद पुरत नाही. रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ साली शोधलेले मँगनीजचे पोलाद इथे वापरतात. ते मार खाईल तसे वरून आणखी कठीण होत जाते. असा गुण माणसांतही क्वचित सापडतो.

जीभ नीट चिकटली की नाही याची परीक्षा घेण्याची रीत मला फार आवडते. जीभ आणि स्थिर रूळ यांच्यामध्ये पाच मिलिमीटर जाडीची पट्टी धरायची आणि सांधा फिरवायचा. पट्टी मध्ये असताना कुलूप लागले, तर सांधा नापास. म्हणजे सांध्याची लायकी तो किती वेळा ‘लागलो’ म्हणतो यावर ठरत नाही. न लागता ‘लागलो’ म्हणतो का, यावर ठरते. खडीचा एखादा तुकडा अडकला असेल तर त्याने अडून बसावे, गाडी खोळंबावी, लोकांनी शिव्या घालाव्यात. पण खोटे बोलू नये.

चामराजपेट ही १८९२ ची वसाहत. दहाव्या चामराजेंद्र वडियारांचे नाव तिला मिळाले, समांतर पाच मुख्य रस्ते आखले गेले आणि जुन्या पेठांच्या दाटीतून माणसे इकडे आली. रेल्वे इथे त्याआधी दहा वर्षे येऊन बसली होती. कँटोन्मेंटला मद्रासकडची गाडी १८६४ पासून येत होती. सिटी स्टेशन आणि म्हैसूरला जाणारी मीटरगेज ही १८८१-८२ ची कामगिरी. १८८६ पासून हा संस्थानी मार्ग चालवायला घेतला सदर्न मराठा रेल्वेने. नाव मराठ्यांचे आणि कंपनी लंडनची, असा तो मामला. तिचे मुख्यालय धारवाडला होते; ती इमारत पुढे कर्नाटक कॉलेजची झाली. १८८४ मध्ये तुमकूरपर्यंत गेलेला फाटा १८८९ ला हरिहरला पोचला आणि हुबळी, लोंढा, मिरज करत पुण्याला भिडला. बंगळुरात मराठी घरे शहाजीराजांच्या काळापासून आहेत. पुण्या-मिरजेशी त्यांची रुळाने गाठ घातली ती या मार्गाने. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले, कंपनी जाऊन दक्षिण पश्चिम रेल्वे आली, तरी वाट तीच आहे. या वाटेवर बीरूर आणि चिक्कजाजूर यांच्यामध्ये होसदुर्ग रोड नावाचे स्टेशन लागते. राणी चन्नम्मा तिथून जाते तेव्हा डब्यात सगळे झोपलेले असतात.

मीटरगेजच्या त्या सुरुवातीच्या काळी सांधा हाताने फिरवत. सांधेवाला कंदील घेऊन जायचा, वजनदार दांडा उलटायचा आणि परत येऊन मास्तरांना सांगायचा, सांधा लागला. सगळा भरवसा त्याच्या सांगण्यावर. पावसाळी रात्री, दोन गाड्यांच्या मध्ये, अर्धवट झोपेत तो जे सांगेल ते खरे. हा भरवसा माणसाकडून काढून लोखंडाकडे द्यायचा, ही इंटरलॉकिंगमागची कल्पना. इंग्लंडात जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये तिचे पेटंट घेतले. सांधा लागल्याशिवाय सिग्नल पडू नये आणि सिग्नल पडलेला असताना सांधा हलू नये, असे खटके एकमेकांत अडकवायचे. आपल्याकडे १८९० च्या दशकात नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर लिस्ट आणि मोर्स यांची किल्ल्यांवर चालणारी पद्धत आली. किल्ल्यांच्या पद्धतीतली युक्ती खेडवळ पण अचूक असते. सांध्याला कुलूप लागले तरच त्यातून किल्ली निघते, आणि ती किल्ली हाती आल्याशिवाय सिग्नल देता येत नाही. सांधेवाल्याच्या शब्दाऐवजी किल्ली स्टेशनात चालत यायची. वेळ लागायचा खरा, पण किल्लीला थाप मारता येत नाही.

बोरघाटात तर याही पुढची अक्कल लढवली होती. उतारावर गाडीचा ब्रेक निकामी झाला तर तिला चढावर ओढून थांबवणारी आडवाट, म्हणजे कॅच सायडिंग, घाटात बांधली. तिथला सांधा एरवी त्या आडवाटेलाच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबते, आपण ताब्यात आहोत हे सिद्ध करते आणि मगच सांधा मुख्य मार्गाला फिरतो. काही न करता बसला तरी सांधा सुरक्षित बाजूला असावा, हा धडा या घाटाने फार लवकर शिकवला.

पुढे लिव्हरची जागा विजेच्या मोटरने घेतली, लिव्हरच्या केबिनची पॅनेलने आणि पॅनेलची संगणकाने. आज मास्तरांनी माऊस हलवला की दूरवरची मोटर काही सेकंदांत जीभ सरकवते, कुलूप लावते आणि पडद्यावर खूण उमटते. सांधेवाल्याला दांडा उलटायची वेळ क्वचित येते, पण पद शिल्लक आहे, आणि त्या पदाची ऊब गेलेली नाही. १७ एप्रिल २०२१ ला वांगणीत रुळांवर पडलेल्या लेकराला धावत जाऊन वर उचलणारे मयूर शेळके पॉइंट्समनच होते.

पण दोष नाहीसा झाला नाही. त्याने घर बदलले. आधी तो सांधेवाल्याच्या डोळ्यांवरच्या झोपेत होता, मग झिजलेल्या लिव्हरमध्ये, आणि आता रुळाकडेच्या राखाडी पेटीत, वायरींच्या जुडग्यात जाऊन बसला आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये गाड्या घसरण्यावर संसदेला अहवाल दिला. त्यात परिचालन विभागाच्या माथी आलेल्या २७५ घटना आहेत, आणि त्यातल्या ८४ टक्के चुकीचा सांधा लावणे आणि शंटिंगमधल्या चुका यांतून घडलेल्या. संगणकाच्या जमान्यातला हा आकडा आहे.

आता होसदुर्ग रोड. ८ फेब्रुवारी २०२३. यशवंतपूरहून निजामुद्दीनला निघालेली संपर्क क्रांती एक्स्प्रेस या स्टेशनात आली, आणि सांधा भलत्याच मार्गाला लागलेला चालकाच्या नजरेस पडला. त्याने गाडी थांबवली. कुणाला खरचटलेही नाही. एरवी अशी गोष्ट स्टेशनच्या डायरीत एका ओळीत मिटते. पण दुसऱ्याच दिवशी हुबळीच्या मुख्यालयातून, दक्षिण पश्चिम रेल्वेच्या प्रमुख मुख्य परिचालन व्यवस्थापकांनी पत्र लिहिले. त्याचा आशय असा, की पडद्यावर मार्ग बरोबर दिसत असताना, गाडी सिग्नल घेऊन निघाल्यावर, प्रत्यक्षातला मार्ग बदलू शकतो. इंटरलॉकिंगच्या मूळ तत्त्वालाच हे छेद देणारे आहे. रुळाकडेची पेटी उघडून आत हात घातला जातो आणि लोखंडाकडे दिलेला भरवसा तिथे मोडतो. ही रीत तातडीने सुधारली नाही तर मोठा अपघात होईल, असेही त्यात स्पष्ट होते.

सरकारी पत्रे सहसा इतकी सरळ नसतात. सांधा खोटे बोलू शकतो, असे एका जबाबदार अधिकाऱ्याने सहीनिशी लिहून दिले होते.

होसदुर्ग रोडच्या घटनेनंतर ११४ दिवसांनी, २ जून २०२३ च्या संध्याकाळी, ओडिशातल्या बाहानगा बाजार स्टेशनात शालिमारहून चेन्नईला निघालेली कोरोमंडल एक्स्प्रेस शिरली. सिग्नल हिरवा. पडद्यावर १७ नंबरचा सांधा सरळ मार्गाला. प्रत्यक्षात जीभ लूप लाइनला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या मार्गाला लागलेली, आणि लूपमध्ये लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी. कोरोमंडलचा वेग ताशी १२८ किलोमीटर होता. तिचे डबे उसळून दुसऱ्या मुख्य मार्गावर पडले, आणि त्या मार्गाने त्याच वेळी जात होती हावड्याची एक्स्प्रेस, बंगळूरच्या विश्वेश्वरय्या टर्मिनसहून निघालेली. २९० हून अधिक माणसे गेली.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात भयंकर काही सापडेल असे वाटले होते. जे सापडले ते किरकोळ आहे, म्हणून जास्त भयंकर. काही वर्षांपूर्वी गुमटीतल्या, म्हणजे सिग्नलच्या जोडण्या असलेल्या रुळाकडेच्या खोलीतल्या, वायरींची जागा बदलली गेली. फळीवरची अक्षरे आणि कागदावरचा नकाशा जुनेच राहिले. त्या दिवशी ९४ नंबरच्या फाटकाचे विजेवर चालणारे अडसर बदलण्याचे काम चालू होते, आणि जोडणी झाली ती जुन्या अक्षरांवर विसंबून. घरातल्या मीटरच्या फळीवर ‘स्वयंपाकघर’ लिहिलेला खटका न्हाणीघराचा निघतो, हे आपल्याकडे घरोघरी चालते. आपण हसतो आणि पुढच्या खेपेला लेबल बदलू म्हणतो. तिथे ते लेबल सांध्याच्या जागेची खूण पुरवणाऱ्या जोडणीचे होते.

त्याच अहवालात आणखी दोन नोंदी आहेत, आणि माझ्या मते त्या वायरींहून महत्त्वाच्या आहेत. १६ मे २०२२ ला खरगपूर विभागातच बांकरानयाबाज स्टेशनात चुकीच्या जोडणीमुळे असाच प्रकार झाला होता. तेव्हाच सुधारणा झाली असती तर बाहानगा टळले असते. आणि बाहानगातल्या त्या सांध्यांचे वागणे आधी वारंवार विचित्र दिसले होते. ते सिग्नल विभागाला कळवले गेले असते तर दोष सापडू शकला असता. म्हणजे सांध्याने सांगितले होते. एकदा बांकरानयाबाजला, एकदा होसदुर्ग रोडला, आणि खुद्द बाहानगात कितीदा तरी.

हे आपलेच दुर्दैव म्हणावे तर तसेही नाही. लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बार इथे १० मे २००२ ला एक गाडी सांध्यावर फुटली; सांध्याच्या दांड्यांचे नट ढिले पडून निघाले होते. सात माणसे मेली. आदल्याच रात्री, गाडी इथे फार धडधडते, अशी तक्रार आली होती आणि तपासायला माणसेही पाठवली होती. ती स्टेशनच्या भलत्याच टोकाला गेली. पाच वर्षांनी, २३ फेब्रुवारी २००७ ला, ग्रेरिग इथे पुन्हा सांध्याचे दांडे निकामी होऊन गाडी कोसळली. त्या सांध्याची ठरलेली पाहणी पाच दिवस आधी व्हायची होती. ती झालीच नाही. जगभरच्या सांध्यांच्या अपघातांची कागदपत्रे चाळली तर आदल्या दिवसाची, आदल्या आठवड्याची अशी एखादी नोंद बहुधा सापडते.

मग सांगितलेले ऐकू का येत नाही? एक कारण असे, की सांध्याला धनी एक नाही. रूळ, जिभा, क्रॉसिंग, खडी हे इंजिनिअरिंग विभागाचे. मोटर, कुलूप, वायरी, खुणा हे सिग्नल विभागाचे. फिरवायचा तो परिचालन विभागाने. सांधा अडला की पहिला अर्धा तास दोष कुणाच्या खात्यात टाकायचा यात जातो. जीभ जड चालते म्हणून मोटर थकते, असे सिग्नलवाले म्हणतात. मोटर ओढत नाही, असे इंजिनिअरिंगवाले. संयुक्त तपासणीचा नियम आहे आणि तिच्या नोंदवहीवर दोघांच्या सह्याही असतात. पण शिक्षणापासूनच वाटा वेगळ्या आहेत. रुळाची विद्या शिकवणारी रेल्वेची संस्था पुण्यात आहे, सिग्नलची सिकंदराबादेत. एकाच सांध्याचे लोखंड एका शहरात शिकायचे आणि त्याचे कुलूप दुसऱ्या शहरात. दोघांची भेट होते ती बंगळूरसारख्या यार्डात, भर उन्हात, गाडी खोळंबलेली असताना आणि कंट्रोलचा फोन कानाला असताना.

दुसरे कारण वेळ. सिग्नलच्या माणसाने पेटी उघडण्याआधी मास्तरांना लेखी कळवून तो सांधा वापरातून काढून घ्यायचा, काम करायचे, तपासून परत द्यायचा, असा नियम आहे. तेवढ्या वेळात गाड्या थांबतात. भरलेल्या यार्डात मास्तर वेळ द्यायला नाखूश, माणूस मागायला संकोची. मग आडवाट निघते: मेमो राहू दे, दोन मिनिटांचे काम आहे. या दोन मिनिटांना भारतीय रेल्वेत जी प्रतिष्ठा मिळाली आहे ती मोडल्याशिवाय सांधा विश्वासू होणार नाही, असे मला स्पष्ट वाटते. बाहानगानंतर तिघा कर्मचाऱ्यांना अटक झाली, गुमट्यांना दुहेरी कुलपे लावण्याचा आदेश निघाला. कुलूप लावायला हरकत नाही. पण किल्ली मागणाऱ्याला वेळही द्यावा लागतो, आणि तो वेळापत्रकात छापून द्यावा लागतो.

यंत्रांकडे पाठ फिरवावी असे मी म्हणत नाही. मोटर प्रत्येक खेपेला किती प्रवाह ओढते याची रेघ नोंदवता येते. सांधा जड झाला, खडी अडकू लागली, तेल आटले, की ती रेघ बिघाडाच्या कितीतरी आधी वर चढते. स्टेशनातले डेटालॉगर सांध्याच्या हालचालींची वेळ टिपून ठेवतात. ही वही अपघातानंतर चौकशीत उघडली जाते; रोज सकाळी उघडली पाहिजे. इंग्लंडात लफबरो विद्यापीठाने ‘रिपॉइंट’ नावाचा सांधा मांडला आहे. विमानात एक यंत्रणा बंद पडली तर दुसरी असते. सांध्याला मात्र शंभर वर्षे एकच मोटर आणि एकच कुलूप. रिपॉइंटमध्ये मोटरी अनेक असतात, एक गेली तरी बाकीच्या काम निभावतात, आणि रूळ घासत न सरकता उचलून पुढच्या खाचेत ठेवला जातो. कल्पना उत्तम आहे. आपल्याकडे जाड बुंध्याच्या नव्या जिभा बसत आहेत, तेही चांगलेच. प्रत्येक अपघातानंतर गाडीला आपोआप ब्रेक लावणारी ‘कवच’ यंत्रणा कुठे होती असे विचारले जाते. पण सांध्याची खबर ‘कवच’ इंटरलॉकिंगकडूनच घेते. खबर खोटी असेल तर तीही फसणार.

आणि लोखंड विसरूनही चालत नाही. ११ ऑक्टोबर २०२४ ला म्हैसूरहून दरभंग्याला निघालेली बागमती एक्स्प्रेस चेन्नईजवळ कवरैपेट्टै स्टेशनात मुख्य मार्गाचा सिग्नल असताना लूपमध्ये शिरली आणि उभ्या मालगाडीवर आदळली. अनेक जखमी झाले. जीव कुणाचा गेला नाही. तिथे सांध्याचे नट-बोल्ट काढले गेल्याचे तपासात आढळले. दीड वर्षात मुख्य मार्गावरच्या गाडीला लूपमध्ये ओढणारे हे दोन सांधे, आणि दोन्ही वेळा कर्नाटकातून सुटलेली गाडी त्यात सापडली.

होसदुर्ग रोडवर मात्र एका चालकाला सांधा वेळेवर दिसला. दुसऱ्या दिवशी हुबळीहून निघालेले पत्र आजही वाचण्यासारखे आहे. रेल्वे मंडळाला विनंती एवढीच: पुण्याच्या आणि सिकंदराबादच्या संस्थांत दर नव्या तुकडीला, दोन्हीकडे, पहिल्या दिवशी पहिल्या तासाला ते वाचून दाखवावे, आणि दर विभागातल्या अशा थोडक्यात वाचलेल्या घटना, माणसांची नावे वगळून, दर महिन्याला प्रवाशांसमोर छापाव्यात. राणी चन्नम्माच्या तिकिटाचे पैसे आम्ही आगाऊ भरतो. सांध्याने काय सांगितले, तेही आम्हाला आगाऊ कळू द्या.